हात पुरतात

उन्हाळी धानाला पाणी द्यायला बिरजू मोटार सुरू करायला गेला आणि शॉक लागून पडला, तेव्हा त्याची बायको मंगली बांधावरच होती. तिनं वाळक्या बांबूनं वायर दूर ढकलली, हाका मारून माणसं गोळा केली आणि कुणाच्या तरी मालवाहू टेम्पोत घालून नवऱ्याला कोसमटोल्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तिथल्या रुग्णवाहिकेवर त्या दिवशी डॉ. रंजीता गेडाम होती.

रंजीता आरमोरीची. बाप धानाचा शेतकरी, आई शकुबाई. आयुर्वेदाची पदवी घेऊन ती ठेक्यावर या गाडीवर लागली होती. गाडी सरकारची, पण चालवायचा ठेका एका कंपनीकडे. गाडीवर ती आणि ड्रायव्हर मंगरू, अशी दोनच माणसं.

बिरजूचं बंद पडलेलं हृदय दवाखान्यातच झटका दिल्यावर पुन्हा चालू झालं होतं. त्यानं डोळेही हलवले. पुढची सोय फक्त गडचिरोलीला होती, म्हणून त्याला गाडीत घेतलं. मंगली पायाशी बसली. जंगल लागलं आणि हृदय परत थांबलं. रंजीतानं पुन्हा झटका दिला. चालू झालं, थोडं चाललं, परत थांबलं. आता गडचिरोली येईपर्यंत छाती दाबत राहणं एवढंच हातात होतं. गाडी उभी करून दाबलं असतं तर दाबणं नीट झालं असतं, पण गडचिरोली जवळ आली नसती.

या कामासाठी गाडीत एक मशीन असायला हवं होतं. रोग्याच्या पाठीखाली फळी, छातीवर कमान, आणि कमानीतून खाली-वर होणारा रबरी दट्ट्या. एकदा बटन दाबलं की गाडी कितीही उडो, दट्ट्या त्याच जागी, त्याच लयीत छाती दाबत राहायचा, आणि डॉक्टरला पट्टा बांधून बसता यायचं. मंगरू त्याला मुसळ म्हणायचा. होळीच्या आधी कंपनीचे जिल्हा समन्वयक डॉ. आदेश वासेकर ते चंद्रपूरला घेऊन गेले होते. तिथल्या ऑफिसात कंपनीचे मोठे लोक येणार होते, त्यांना दाखवायला. दोन दिवसांत पाठवतो म्हणाले होते. लोक येऊन गेले, मशीन ऑफिसच्या दर्शनी खोलीत एका रबरी पुतळ्याच्या छातीवर तसंच राहिलं. येणारे त्याच्यासोबत फोटो काढायचे. रंजीतानं फोन केले तेव्हा वासेकर हसून म्हणाले होते, "डॉक्टर, तुमच्याकडे अशी केस येते कधी? आणि हात आहेत ना तुम्हाला? हात पुरतात."

मशीन नव्हतं, म्हणून बिरजूसाठी रंजीता चालत्या गाडीत उभी राहिली. पट्टा बांधून छाती दाबता येत नाही. पाय फाकवून, एक गुडघा स्ट्रेचरच्या कडेला टेकवून ती दाबू लागली. मंगली बघत होती. बिरजूच्या तोंडावर लाली होती असं मंगली अजूनही सांगते.

वळणावर रानडुकरं आडवी आली. मंगरूनं ब्रेक मारला. रंजीता उडाली ती ऑक्सिजनचं सिलिंडर धरून ठेवणाऱ्या लोखंडी कडीवर उजव्या कोपरावर आदळली. हाड फुटल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. ती उठली, डाव्या हातानं दाबायला गेली, पण एका हातानं काही होईना. मग तिनं मंगलीला हाक मारली.

"ये. इथी. दोन्ही हात ठेव इथी. जोरानं दाब."

मंगलीनं दाबलं. गडचिरोली येईपर्यंत ती स्ट्रेचरवर गुडघ्यावर बसून नवऱ्याची छाती दाबत होती आणि रंजीता लोंबकळता हात पोटाशी धरून तिला, "थांबू नको, थांबू नको," म्हणत होती. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी बिरजूला तपासलं आणि मंगलीचे हात धरून बाजूला केले.

वासेकरांनी अहवाल लिहिला. डॉक्टरांनी चालत्या गाडीत पट्टा बांधला नव्हता. उभं राहण्याची पद्धत चुकीची होती. ड्रायव्हरचा वेग जास्त होता. मशीनमुळे रोगी वाचण्याचं प्रमाण वाढतं असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही, प्रशिक्षित हात पुरतात. यातलं शेवटचं वाक्य पुस्तकात पाहिलं तर खोटं नव्हतं, आणि रंजीताला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. चालत्या गाडीत हात कोणाचे आणि ते कशाला धरून असतात, हे त्यात कुठंच नव्हतं. मशीन दर्शनी खोलीत होतं हेही नव्हतं.

मंगरूला काढलं. रंजीताचा ठेका वाढवला नाही. बिरजूच्या गावात बोललं जाऊ लागलं की डॉक्टरबाई पेशंटवर पडली म्हणून तो मेला.

नागपूरला कोपराचं ऑपरेशन झालं. आत सळ्या आल्या. हात ना पुरता सरळ होई, ना पुरता वाके. आरमोरीला घरी ती रोज सकाळी पाण्यानं भरलेला गडू उजव्या हातात धरून खाली-वर करायची. शकुबाई म्हणायची, "देवाचं नाव घे करताना, दुखणं कमी वाटते."

रंजीता वासेकरांचं नाव घ्यायची. दुखणं कमी व्हायचं नाही, पण गडू वर यायचा. ती त्यांना त्या गाडीत उभं करायची, पाय फाकवून, दोन्ही हात खाली, धरायला काही नाही. त्यापुढचं ती सावकाश बघायची. मंगरूचा ब्रेक, कडी, आवाज. एखाद्या दिवशी ती त्यांना दोनदा पाडायची. न्याय मिळाला तर तिला हवाच होता, पण न्यायानं त्यांना एखादं पत्र मिळालं असतं आणि त्यांनी त्याला उत्तर लिहिलं असतं. तिला ते पडलेले हवे होते.

तिनं तक्रार केली. मंगलीचा आणि मंगरूचा जबाब जोडला. बरेच हेलपाटे घातल्यावर जिल्ह्याच्या एक अधिकारी बाई चौकशीला नेमल्या गेल्या. सुनावणी गडचिरोलीला झाली. वासेकर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. चाळिशीचे, काटक, चंद्रपुरात पहाटे पळायला जाणारे. त्यांनी शांतपणे सांगितलं की मशीन प्रशिक्षणासाठी नेलं होतं, आणि नसल्यानं काही बिघडलं नाही.

"नियमानुसार हातानं दाबणं हीच मूळ पद्धत आहे, मॅडम. मी स्वतः शेकडो लोकांना शिकवलंय."

"चालत्या गाडीत?" रंजीतानं विचारलं.

"कुठेही. तंत्र बरोबर असेल तर."

"मग दाखवा," रंजीता म्हणाली. "तीच गाडी, तोच रस्ता. कोसमटोला ते गडचिरोली. स्ट्रेचरवर तुमचा पुतळा ठेवा, दाबणं बरोबर असलं की हिरवा दिवा लागतो तो. माझी दुसरी काही मागणी नाही."

अधिकारी बाईंनी वासेकरांकडे पाहिलं. नाही म्हणायला त्यांना जागा नव्हती, आणि त्यांना नाही म्हणायचंही नव्हतं. ते हसले. "हरकत नाही."

"वेगाबद्दलही आक्षेप आहे," अधिकारी बाई म्हणाल्या. "तर ड्रायव्हरही तोच असू दे. मी पुढे बसेन."

मंगली मागच्या बाकावर होती. ती उठून उभी राहिली. "मी पण येतो. मागं बसतो."

मंगरू आता दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवत होता. दोन दिवसांनी रंजीता त्याच्या गावी गेली. तो चिखलणीआधी ट्रॅक्टरची चाकं धूत होता. तिला बघून त्यानं खाट टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. रंजीतानं चहा येईपर्यंत वाट पाहिली नाही.

"मंगरूभाऊ, त्याच वळणावर ब्रेक मारायचा."

मंगरूनं हातातलं फडकं पिळलं. "तसाच?"

"तसाच."

"पडन तो."

"पडावा म्हणूनच सांगून राह्यली."

"मरन तं?"

"मी मेली का?" तिनं हात पुढे केला, जेवढा होत होता तेवढा. "मोडन. मरणार नाई."

मंगरूनं चाकावर पाणी मारलं. "माह्यी नोकरी परत भेटाची हाय त्याच्यातून, बाई. मॅडम समोर बसन."

"डुकरं आली म्हणायचं."

"तवा खरंच आली होती."

"तेव्हा खरं सांगितलं तर कोणी मानलं?"

चहा आला. दोघांनी घेतला. ती उठली तेव्हा तो म्हणाला, "मारतो." ती बसस्टॉपकडे चालत गेली आणि बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण नोकरीच्या बोलण्याला उत्तरच दिलं नाही. तिला त्याचं वाईट वाटलं, पण परत जाऊन सांगावं इतकं वाटलं नाही.

ठरल्या दिवशी दुपारी गाडी कोसमटोल्याहून निघाली. पुतळा स्ट्रेचरवर, त्याच्या खांद्यापाशी छोटा दिवा. रंजीता डोक्याच्या बाजूच्या खुर्चीवर, मंगली लांब बाकावर. रंजीतानं स्वतःचा पट्टा लावला, मग उठून मंगलीचा लावला, ओढून पाहिला, परत ओढून घट्ट केला. मंगली म्हणाली, "आवळून राह्यलं, बाई." रंजीता म्हणाली, "राहू दे."

वासेकरांनी बाह्या दुमडल्या. "सुरू करू?"

"माणूस मेलेला आहे," रंजीता म्हणाली. "वाट नका बघू."

सुरुवातीला ते खरंच चांगलं दाबत होते. हात ताठ, खांदे बरोबर वर, हिरवा दिवा लागत राहिला. गाव संपलं, डांबर उखडलेला रस्ता लागला. पहिल्या खड्ड्यात ते पुढे गेले आणि डाव्या हातानं वरचा दांडा धरला. दिवा लाल झाला.

"दोन्ही हात, साहेब."

त्यांनी दांडा सोडला. जंगल सुरू झालं. दोन्हीकडे साग आणि बांबू, आणि मध्ये वळत जाणारा अरुंद रस्ता. मंगरू बिरजूच्या वेळी होता त्याच वेगानं नेत होता. वासेकरांचा शर्ट पाठीला चिकटला. ते एकदा गुडघ्यावर आले, उठले, लगेच दाबू लागले. भित्रे नव्हते ते, हे रंजीताला बघावं लागलं, आणि तिला ते आवडलं नाही. ते भित्रे असते तर सोपं गेलं असतं.

दिवा आता जास्त वेळ लालच होता. त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता.

"जरा थांबतो," ते म्हणाले. "हात बदलायला दुसरं माणूस असतं नेहमी."

"आमच्याकडे नसतं."

"एक मिनिट."

"यानं तुम्हाला मिनिट दिलं का?" ती पुतळ्याकडे बघत म्हणाली. "दाबा."

ते दाबू लागले. घाम नाकावरून पुतळ्यावर पडत होता. मग ते दबक्या आवाजात, पुढे ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "गेडाम, मला कळलं. मी लिहून देतो. गाडी थांबवायला सांगा."

रंजीताच्या डोक्यामागं पुढच्या केबिनची सरकती खिडकी होती. बोट लावलं असतं तर उघडली असती. लिहून देतो म्हणाले होते ते. मंगरूला नोकरी मिळाली असती, तिचं नाव साफ झालं असतं, गावातलं बोलणं थांबलं असतं. हे सगळं तिला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. वळण आता फार लांब नव्हतं, तिला रस्ता पाठ होता.

"गडचिरोली यायची आहे अजून," ती म्हणाली.

मंगली म्हणाली, "बाई, तो थकला."

"तू थकली होतीस का?"

वासेकर दाबत होते, तोंड उघडं, डोळे कुठं तरी. रंजीतानं डाव्या हातानं खुर्चीची कड धरली.

मंगरूनं ब्रेक मारला.

ते तिनं इतक्या वेळा पाहिलं होतं की खरं बघताना तिला ते हळू वाटलं. वासेकर पुतळ्यावरून घसरत पुढे आले, हात पसरला, आणि मनगट केबिनच्या पत्र्यावर उलटं दुमडलं. मग तोंड स्ट्रेचरच्या दांड्यावर आपटलं. गाडी थांबली. पुतळा अर्धा खाली लोंबत होता. वासेकर तिच्या पायाशी पडले होते, तोंडातून रक्त, मनगट नको त्या बाजूला वळलेलं. त्यांनी वर पाहिलं. तिनं जे बघायचं ठरवलं होतं ते सगळं त्या नजरेत होतं.

"उठा," ती म्हणाली. "पेशंट मरतोय."

मंगलीनं आपला पट्टा सोडायची धडपड केली, तो सुटेना. "बाई, त्याले पाहा ना," ती म्हणाली. "बाई."

तेव्हा रंजीता उठली. तिनं खोक्यातून फळी आणि बँडेज काढलं, खाली बसली आणि त्यांचं मनगट बांधलं. बांधताना ती हळू नव्हती आणि मुद्दाम जोरातही नव्हती. वासेकर ओरडले नाहीत. एक दात त्यांनी तळहातावर घेतला होता, तो ते कुठं ठेवावा हे न कळून धरून बसले.

मागचं दार उघडलं. अधिकारी बाई आणि मंगरू उभे होते.

"काय आलं होतं आडवं?" बाईंनी मंगरूला विचारलं.

"डुकरं."

"मी समोर बसले होते."

रंजीता गाडीतून उतरली. उतरायला तिला उजव्या हाताचा उपयोग नव्हता, डाव्या हातानं दार धरून उतरावं लागलं.

"मी सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली. "त्याच्या घरी जाऊन. त्याचा काही दोष नाही यात."

"काऊन सांगता, बाई," मंगरू हळूच म्हणाला.

अधिकारी बाईंनी गाडी गडचिरोलीला घ्यायला सांगितली. पुढचा रस्ता मंगरूनं इतका हळू नेला की मागून येणारे ट्रॅक्टरसुद्धा पुढे गेले.

चौकशीचा निकाल पावसाळ्यात आला. चालत्या गाडीत उभं राहून छाती दाबणं माणसाला धोक्याचं आहे आणि त्यासाठी दिलेलं मशीन गाडीतून काढणं ही गंभीर चूक होती, असं त्यात होतं. वासेकरांना पदावरून काढलं. मशीन कोसमटोल्याच्या गाडीत परत गेलं. बिरजूच्या मृत्यूत रंजीताचा आणि मंगरूचा दोष नाही, हेही होतं. आणि शेवटी होतं की चौकशीच्या वेळच्या वर्तनामुळे या दोघांना पुन्हा सेवेत घेऊ नये.

मंगरूनं ते वाचून घेतलं आणि म्हणाला, "बरोबरच हाय." तिच्यावर रागावला नाही, पण त्यानंतर तो स्वतःहून तिच्याकडे आला नाही. मंगली एकदा आरमोरीच्या बाजारात भेटली. मोहफुलं विकायला बसली होती. रंजीता तिच्याजवळ खाली बसली.

"तो पडला तवा मले बरं वाटलं," मंगली म्हणाली. "मंग घरी गेलो त जेवण जाये नाई. तुमाले जाते?"

"जाते."

मंगलीनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि मोहफुलांवरची माशी हाकलली. पुढं कोणी गिऱ्हाईक आलं, म्हणून रंजीता उठली.

तिनं आरमोरीलाच बाजाराच्या रस्त्यावर छोटा दवाखाना टाकला. ताप, खोकला, जखमा. दाबायचं काम येत नव्हतं, आलं असतं तर तिला करता आलं नसतं. वासेकरांनी पोलिसांत तक्रार दिली नाही याचं तिला नवल वाटायचं.

दिवाळीनंतर ते आले. धान कापणीचे दिवस होते, दवाखान्यात गर्दी नव्हती. उजव्या हातावर मनगटापासून वर शिवणीचा वण होता. पुढचा दात नवा होता. ते रोग्याच्या खुर्चीवर बसले.

"तुम्हाला वाटत असेल मी पोलिसांत का गेलो नाही," ते म्हणाले. "गेलो असतो तर मशीन कुठं होतं हे कोर्टात सांगावं लागलं असतं. बिरजूची बायको तिथं उभी राहिली असती. मी माफ केलेलं नाही तुम्हाला."

"मीही नाही केलेलं."

"माहीत आहे." ते याच्यासाठी आले नव्हते, हे तिला दिसत होतं. शेवटी त्यांनी हात टेबलावर ठेवला. "रात्री ठणकतो. चंद्रपूरचे डॉक्टर म्हणतात होईल कमी. तुमचं जुनं आहे. किती दिवसांनी थांबतो?"

त्यांच्या मनगटाचं हाड नीट जुळलं होतं, वण स्वच्छ होता. बोटं हलत होती. तिच्या कोपरासारखं ते नव्हतं. नेटानं व्यायाम केला तर वर्षभरात ठणका जाईल, हे तिला हात न लावताही कळलं.

"थांबत नाही," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, जणू हेच ऐकायला आले होते, आणि उठून गेले. रस्त्यावर त्यांची मोटारसायकल डाव्या हाताच्या जोरावर वळताना दिसली. रंजीतानं पुढच्या माणसाला आत बोलावलं. एक म्हातारा होता, पायात काटा मोडलेला.